‘कुणीही वापरा’ एवढं लिहून भागतं का?

प्रश्न : मी तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन विभागात आहे, राहायला बोईसरला. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारा एक छोटा प्रोग्रॅम मी पायथनमध्ये लिहिला. पालघर स्टेशनजवळचे एक-दोन डीटीपीवाले तो रोज वापरतात. आता तो सगळ्यांसाठी खुला करायचा आहे. रीडमी फाइलमध्ये मी लिहिलं : ‘हा प्रोग्रॅम मोफत आहे. कुणीही वापरा, हवा तसा बदला. विकू नका. माझं नाव काढू नका.’ पुण्याच्या एका मुलाने तो डेबियन लिनक्ससाठी पॅकेज करून द्यायची तयारी दाखवली होती, पण परवाना स्पष्ट नाही म्हणून अडलं, असं त्याने कळवलं. इतक्या सरळ मराठीत लिहिलेलं अस्पष्ट कसं? आणि स्पष्ट म्हणजे नेमकं काय लिहायचं?
— एक वाचक, बोईसर

उत्तर : पुण्याच्या मुलाचं बरोबर आहे. तुमचा हेतू चांगला आहे याची त्यालाही खात्री असेल, पण पॅकेज करणाऱ्याला हेतूवर चालता येत नाही. त्याला कागदावर काय आहे ते पाहावं लागतं. तुमचा प्रोग्रॅम उद्या जगभरच्या सर्व्हरवर जाणार. तिथला कुणीही तुम्हाला फोन करून ‘साहेब, या वाक्याचा अर्थ काय?’ असं विचारणार नाही.

मुळात कायदा कुठून सुरू होतो ते आधी बघू. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरला आहे. म्हणजे कादंबरीला जे संरक्षण, तेच तुमच्या पायथनच्या फाइलला. ते मिळवायला नोंदणी लागत नाही, गोलातला ‘सी’ही लागत नाही. फाइल लिहून झाली की हक्क तुमचा झाला, आणि लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं तो टिकतो. तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, तर तुमचा प्रोग्रॅम कुणालाही कॉपी करता येत नाही, बदलता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही. परवाना हे बंद दार उघडतो, आणि तुम्ही लिहिलंय तेवढंच उघडतो. जे लिहिलं नाही ते दिलेलं नाही, असंच सावध माणूस धरून चालतो.

आता तुमची वाक्यं एकेक घेऊ. ‘मोफत आहे’ या वाक्याने किंमत कळते, परवानगी कळत नाही. ‘कुणीही वापरा’ यात चालवायची मुभा आली, पण प्रती काढून दुसऱ्याला द्यायची आली का? डेबियनचं सगळं काम प्रती काढून वाटण्यावरच चालतं. ‘हवा तसा बदला’ म्हटलंत. मग बदललेला प्रोग्रॅम पुढे वाटायचा की नाही?

हा शेवटचा प्रश्न कीस काढणारा वाटेल, पण यावरून खरोखर मोठी अडचण झाली होती. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचा पाइन नावाचा ईमेल प्रोग्रॅम एके काळी खूप वापरात होता. त्याच्या परवान्यात वापरायला, कॉपी करायला, बदलायला आणि वितरित करायला परवानगी आहे, अशा अर्थाचं वाक्य होतं. सगळ्यांनी ते सरळ वाचलं. पुढे विद्यापीठाने आपला अर्थ सांगितला : बदलायची परवानगी आहे, वाटायची परवानगी आहे, पण बदललेलं वाटायची परवानगी दिलेली नाही. एका ‘आणि’वर सगळं अडलं. २००७ मध्ये त्याच विद्यापीठाने पाइनचा नवा अवतार अल्पाइन या नावाने अपाचे परवान्याखाली आणला, तेव्हा तो गुंता सुटला. इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियम ही संस्था असंच वाक्य आपल्या परवान्यात वापरत होती. तिने त्याच वर्षी त्यातल्या ‘आणि’चं ‘आणि/किंवा’ केलं. परवान्याची भाषा रुक्ष का असते, असं लोक विचारतात. त्या रुक्षपणातला एकेक शब्द असा कुणाच्या तरी भांडणातून आलेला असतो.

‘विकू नका’ हे वाक्य तर तुमच्याच लोकांना त्रास देईल. डीटीपीवाला पानामागे पैसे घेऊन मजकूर बदलून देतो, ते विकणं झालं का? कुणी पन्नास प्रोग्रॅमांचा पेनड्राइव्ह भरून नाममात्र किमतीला विकला, त्यात तुमचा एक असला, तर? डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या निकषांत पहिलंच कलम असं आहे की, इतर सॉफ्टवेअरबरोबर एकत्र करून विकायला किंवा फुकट द्यायला परवान्याने आडकाठी करता कामा नये. तुमचं ‘विकू नका’ तिथेच बाद होतं. माझा अंदाज असा की तुमच्या मनात विक्रीची भीती नाही. भीती वेगळी आहे : कुणीतरी हा प्रोग्रॅम उचलील, बंद डब्यात घालील, वर आपलं नाव लावील आणि मराठी माणसालाच हजारो रुपयांना विकील. ही भीती रास्त आहे. तिच्यावर उपायही तयार आहे, तो पुढे सांगतो.

‘माझं नाव काढू नका’. नाव कुठून काढायचं नाही? सोर्स कोडमधून, पडद्यावरून, की दुकानाच्या जाहिरातीतून? बर्कलेच्या विद्यापीठाचा जुना बीएसडी परवाना सांगायचा की, या सॉफ्टवेअरचा उल्लेख असलेल्या प्रत्येक जाहिरातीत विद्यापीठाचं श्रेय छापा. ते पाहून इतरांनी त्या जागी आपापली नावं घातली. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी नेटबीएसडी या कार्यप्रणालीच्या १९९७ च्या आवृत्तीत अशी श्रेयाची वाक्यं मोजली, ती ७५ निघाली. एका जाहिरातीत ७५ वाक्यं कोण छापणार? अखेर १९९९ मध्ये बर्कलेने ते कलम काढून टाकलं.

म्हणून माझा पहिला सल्ला : परवाना स्वतः रचू नका. आधीपासून वापरात असलेल्यांतला एक निवडा आणि त्याच्या मजकुरात काना-मात्राही बदलू नका. चांगल्या मनाने घातलेलं एक जादा वाक्यही नडतं. डग्लस क्रॉकफर्ड यांनी आपल्या जेसन सॉफ्टवेअरच्या परवान्यात, हे चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नाही, अशी ओळ घातली होती. भावना कुणाला पटणार नाही? पण चांगलं-वाईट ठरवायचं कुणी? डेबियनने तो परवाना मुक्त मानला नाही, आणि अपाचे फाउंडेशननेही २०१६ मध्ये आपल्या प्रकल्पांना तो वापरायला मनाई केली.

प्रस्थापित परवान्याचा आणखी एक फायदा म्हणजे त्याची भाषा कोर्टात तावून-सुलाखून निघालेली असते. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट जेकबसन खेळण्यातल्या रेल्वेसाठी मुक्त सॉफ्टवेअर करत. त्यातल्या डिकोडरच्या माहितीच्या फाइली एका कंपनीने उचलल्या आणि लेखकांची नावं, कॉपीराइटची नोंद, परवान्याचा उल्लेख हे सगळं काढून आपल्या मालात घातल्या. खालच्या कोर्टाने म्हटलं, हा फार तर कराराचा भंग. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट या अपील कोर्टाने ते फिरवलं. परवान्यात ‘या अटीवर की’ असे शब्द होते. अट मोडली की परवानगीच उरत नाही आणि मग ते कॉपीराइटचं उल्लंघन होतं, असं कोर्टाने सांगितलं. त्या निकालाचा आधार म्हणजे दोन-तीन साधे शब्द. तुमच्या प्रोग्रॅममध्येही जीव आहे तो जुन्या फाँटच्या कोणत्या अक्षराला युनिकोडचं कोणतं अक्षर, या तक्त्यांच्या फाइलींत. उचलायचं झालं तर कुणीही आधी तेच उचलील. म्हणून ही गोष्ट इतक्या तपशिलात सांगितली.

निवड कोणती करायची? कुणी बंद डब्यात घालून विकलं तरी चालेल, फक्त कॉपीराइटची नोंद राहू दे, असं वाटत असेल तर एमआयटी परवाना. तुमची भीती मी वर लिहिली तीच असेल तर ग्नू जीपीएल. जीपीएल विकायला बंदी करत नाही, पण विकणाऱ्याला सोर्स कोड द्यावा लागतो आणि घेणाऱ्यालाही तेच सगळे हक्क द्यावे लागतात. डबा बंद करायची सोय राहत नाही. तुमच्यासाठी मी जीपीएलच सुचवीन.

आता नोंद कशी लिहायची. नुसतं ‘जीपीएल परवाना’ म्हणू नका. जीपीएलची पहिली आवृत्ती १९८९ ची, दुसरी १९९१ ची, तिसरी २००७ ची. आवृत्तीचा आकडा दिलाच नाहीत तर परवान्याच्याच मजकुराप्रमाणे घेणारा त्यातली कोणतीही निवडू शकतो. ‘जीपीएल २’ एवढं लिहिलंत तरी प्रश्न उरतो : फक्त दुसरी, की दुसरी किंवा पुढची कोणतीही? लिनक्सचा गाभा फक्त दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. ग्नूचे बहुतेक प्रोग्रॅम ‘अथवा पुढची’ असं म्हणतात. वाचणाऱ्याला हा फरक नावावरून कळावा यासाठी स्टॉलमन यांनी आग्रह धरला. परवान्यांना ठरावीक सांकेतिक नावं देणाऱ्या एसपीडीएक्स यादीनेही २०१७ च्या अखेरीस जुनं मोघम नाव मागे टाकून ‘ओन्ली’ आणि ‘ऑर लेटर’ अशी दोन वेगळी नावं केली. तुमच्या प्रत्येक फाइलच्या डोक्यावर दोन ओळी असाव्यात :

कॉपीराइट (सी) वर्ष, तुमचं पूर्ण नाव, ईमेल
एसपीडीएक्स-लायसन्स-आयडेंटिफायर: जीपीएल-३.०-ऑर-लेटर

इथे छापताना देवनागरीत दिल्या, फाइलमध्ये मात्र रोमनमध्येच लिहा, कारण त्या ओळी माणसांइतकीच यंत्रंही वाचतात. वर्ष म्हणजे ती फाइल पहिल्यांदा प्रसिद्ध केली ते वर्ष. शिवाय परवान्याचा पूर्ण मजकूर ‘कॉपीइंग’ किंवा ‘लायसन्स’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये पॅकेजच्या मुळाशी ठेवा. रीडमीमध्ये एक वाक्य पुरे : हा प्रोग्रॅम ग्नू जीपीएलच्या तिसऱ्या किंवा, घेणाऱ्याच्या इच्छेनुसार, त्यापुढच्या कोणत्याही आवृत्तीखाली दिला आहे, पूर्ण मजकूर अमुक फाइलमध्ये पाहा.

प्रत्येक फाइलवर का? फाइली एकट्या प्रवास करतात म्हणून. कुणी तुमच्या पॅकेजमधली तक्त्याची एकच फाइल उचलून आपल्या कामात घातली, तर रीडमी मागे राहतं. लिनक्सच्या गाभ्यातही परवान्याचा उल्लेखच नसलेल्या हजारो फाइली होत्या. २०१७ मध्ये त्यांच्या डोक्यावर ही एसपीडीएक्सची ओळ घालायचं काम सुरू झालं. तुमच्या पाच-सात फाइलींना चहा होईपर्यंत ओळी लावून होतील.

हे नीट केल्याने काय होतं, त्याचं मराठीतलंच एक उदाहरण देतो. मला ते फार मोलाचं वाटतं. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा हा देवनागरी फाँट मुक्त परवान्याखाली दिला. पुढे आयआयटी मुंबईत संस्कृतच्या अभ्यासकांना एक फाँट हवा होता. जोडाक्षरं भरपूर, वैदिक स्वरचिन्हं, बाजूला रोमन लिप्यंतर, असा. त्यांनी यशोमुद्रेवर आपलं काम उभं केलं, रोमन अक्षरांसाठी कँटरेल हा दुसरा मुक्त फाँट घेतला, आणि शोभिका नावाचा फाँट तयार झाला. आज तो टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली वापरणाऱ्यांना कुठूनही उतरवून घेता येतो. मुंबईतल्या सरकारी संस्थेचं काम पवईत गेलं, तिथून जगभरच्या संस्कृत अभ्यासकांकडे गेलं, कारण नोंदीत हक्क कुणाचा आणि परवाना कोणता ते लिहिलेलं होतं. नाही तर एवढ्या अक्षरांचे आकार कुणीतरी पुन्हा पहिल्यापासून काढत बसलं असतं.

फाँटच्या बाबतीत मराठीला हा धडा आधीही मिळाला आहे. रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी सांभाळलेले लोहित फाँट आधी जीपीएलखाली होते. जीपीएल प्रोग्रॅमसाठी लिहिलेला. फाँट पीडीएफमध्ये गुंफला जातो, तेव्हा ती अख्खी पीडीएफही जीपीएलखाली येते की काय, अशी शंका निघे. जीपीएल काढणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्यासाठी अपवादाचं एक वेगळं कलम सुचवलेलं आहे. लोहित २०११ मध्ये खास फाँटसाठीच्या ओपन फाँट परवान्याखाली आला आणि शंकाच राहिली नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फाँटही याच परवान्याखाली आहेत. लग्नपत्रिकेपासून दुकानाच्या पाटीपर्यंत बालू जिथे-तिथे दिसतो, त्यामागे अक्षर देखणं आहे हे कारण आहेच, पण वापरणाऱ्याच्या मनात धास्ती नाही हेही आहे.

तुमच्या पॅकेजमध्ये हे फाँट नमुन्यादाखल ठेवायला हरकत नाही, मात्र त्यांची परवान्याची फाइल त्यांच्याच फोल्डरमध्ये जशीच्या तशी ठेवा. ज्या जुन्या फाँटमधून मजकूर बदलायचा ते विकतचे फाँट मात्र चुकूनही आत घालू नका. चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलीही तपासा. बहुतेकांची चूक तिथेच होते : वर्तमानपत्रातला लेख, कुणाच्या कादंबरीचं पान, ओळखीच्या माणसाने दिलेलं पत्र, असं हाताला लागेल ते ‘टेस्ट’ फोल्डरमध्ये पडलेलं असतं. ते दुसऱ्याचं लेखन आहे, तुमच्या परवान्याखाली तुम्हाला देता येत नाही. क्ष, ज्ञ, र्‍य, ट्ठ, द्ध्य अशी सगळी अवघड जोडाक्षरं येतील अशी वाक्यं स्वतः रचा. चाचणीसाठी तीच जास्त उपयोगी पडतात.

नोकरीचा मुद्दा राहिलाच. कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार नोकरीचं काम म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, नोकरी देणारा असतो. तुम्ही इन्स्ट्रुमेंटेशनवाले, कन्व्हर्टर करणं तुमचं काम नाही, त्यामुळे तुमची बाजू भक्कम दिसते. पण हाच प्रोग्रॅम कारखान्यातल्या सूचनाफलकांचा जुना मजकूर बदलायला साहेबांच्या सांगण्यावरून शिफ्टमध्ये वाढवला असेल, तर तेवढा भाग वादात येईल. नियुक्तिपत्रातलं कलम वाचा आणि एचआरकडून दोन ओळींचं लेखी पत्र घ्या. तोंडी ‘हो, हो, करा’ यावर विसंबू नका. तुम्ही देताय ती वस्तू तुमची असली, तरच तुमच्या परवान्याला अर्थ आहे.

आणखी एक खास भारतातला मुद्दा, जो परदेशी लेखांत सापडत नाही. आपल्या कायद्याच्या १९ व्या कलमात म्हटलंय की हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरावी, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरावा. कलम ३०-अ हेच नियम, योग्य त्या फेरफारासह, परवान्यालाही लावतं. मुक्त परवान्यांना ते कितपत लागू करायचं यावर वकिलांत मतं वेगळी आहेत. पण मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहिलेला परवाना असला की वादाला जागाच कमी. अपाचे २.० मध्ये ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्दच आहेत. जीपीएल ३ म्हणतो की दिलेले हक्क कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी आहेत. तुमचं रीडमीतलं वाक्य या दोन्ही बाबतींत गप्प आहे.

मग मराठीत काहीच लिहायचं नाही का? जरूर लिहा. पालघरचा डीटीपीवाला जीपीएलचा इंग्रजी मजकूर वाचणार नाही, त्याला चार ओळींत मराठीत कळलंच पाहिजे. फक्त वर लिहा : ‘हा सोपा सारांश आहे, कायदेशीर मजकूर कॉपीइंग फाइलमधला.’ फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन जीपीएलच्या भाषांतरांना अधिकृत मान्यता देत नाही, म्हणून हे सांगणं आवश्यक. भाषेचं वावडं मुक्त परवान्यांना नाही. युरोपीय संघाने आपला स्वतःचा मुक्त परवाना २३ भाषांत सारख्याच अधिकाराने काढला आहे. मराठीतला अधिकृत परवाना हे कायद्याच्या आणि संगणकाच्या जाणकारांनी एकत्र बसून करायचं काम आहे, आणि ते व्हावं असं मला मनापासून वाटतं. एकट्याने रीडमीत करायचं ते काम नाही.

शेवटी, तुमच्या मनातल्या इच्छांसाठी रीडमीमध्ये ‘विनंती’ असं वेगळं शीर्षक द्या. त्याखाली लिहा की हा प्रोग्रॅम बोईसरला झाला, उपयोग झाला तर कळवा, सुधारणा केलीत तर मलाही पाठवा, जमलं तर नाव सांगा. विनंती मनासारखी लिहा, हवी तेवढी आपुलकीने लिहा. फक्त ती परवान्यात मिसळू नका. अट आणि विनंती एकाच परिच्छेदात आली की वाचणाऱ्याला दोन्ही अटच वाटतात, आणि तो प्रोग्रॅम खाली ठेवून निघून जातो.

आणि परवान्यातला ‘कोणतीही हमी नाही’ हा भाग काढू नका, कितीही उद्धट वाटला तरी. तुमच्या एमआयडीसीत कुणी या प्रोग्रॅममधून रसायनाच्या पिंपावरचं लेबल बदलून घेतलं आणि एक अक्षर चुकलं, तर जबाबदारी छापण्याआधी तपासणाऱ्याची असली पाहिजे.

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये मी एमआयटी परवान्याखालचा दुसऱ्याचा कोड घेतला आणि अर्ध्याहून जास्त बदलला. आता वर त्याचं नाव काढून माझं घालू शकते का?
— एक विद्यार्थिनी, पालघर

उत्तर : नाही. एमआयटी परवान्याची खरी अट एकच आहे : कॉपीराइटची नोंद आणि परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीत, किंवा तिच्या मोठ्या भागात, राहिला पाहिजे. त्याची ओळ तशीच ठेवा, खाली नव्या वर्षासह तुमची ओळ घाला. बदल अर्ध्याहून जास्त असला तरी उरलेला भाग त्याचाच आहे. काय बदललं ते एका वाक्यात लिहिलंत तर उत्तम. अपाचे परवान्यात तर बदललेल्या फाइलीवर तशी नोंद करणं बंधनकारकच आहे, आणि मूळ पॅकेजमध्ये ‘नोटिस’ नावाची फाइल असेल तर तिच्यातली श्रेयं पुढे न्यावी लागतात. परीक्षकांना दाखवतानाही दोन नावं असलेली फाइल लपवू नका. दुसऱ्याचा कोड वाचून तो बदलता आला, हे सांगण्यासारखंच आहे.

प्रश्न : मुलांना अंक शिकवणारं एक ॲप आम्ही दोघे शिक्षक करतोय. त्यातली वारली चित्रं आमच्या पाड्यावरच्या एका मावशींनी काढली आहेत. ॲपला जीपीएल लावलं तर चित्रांचं काय?
— एक शिक्षक, डहाणू तालुका

उत्तर : चित्रांची नोंद वेगळी करा. वारली शैली कुणा एकाच्या कॉपीराइटमध्ये येत नाही, पण मावशींनी काढलेलं प्रत्येक चित्र ही त्यांची कृती आहे. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे २०१८ मध्ये गेले. त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०७८ च्या अखेरपर्यंत चालेल. तेव्हा पुस्तकातून किंवा नेटवरून त्यांचं एखादं चित्र गिरवून घेतलं असेल तर ते काढा. वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी आहे, ती नावाला संरक्षण देते. ती कॉपीराइटहून वेगळी गोष्ट आहे.

मावशींच्या चित्रांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेय-आणि-समान-परवाना, आवृत्ती ४.०, शोभेल. क्रिएटिव्ह कॉमन्सवाले स्वतःच सांगतात की प्रोग्रॅमला आमचा परवाना लावू नका, म्हणून कोडला जीपीएल आणि चित्रांना हा, अशी वाटणी करा. रीडमीमध्ये फोल्डरचं नाव घेऊन लिहा : अमुक फोल्डरमधली चित्रं अमुक यांची, अमुक परवान्याखाली, बाकी सगळं जीपीएल ३ किंवा पुढची.

पण हा परवाना देणार मावशी, तुम्ही नाही. ही चित्रं जगात कुठेही, कुणीही, पैसे मिळवण्यासाठीसुद्धा वापरू शकेल आणि ही परवानगी नंतर मागे घेता येणार नाही, हे त्यांना त्यांच्या बोलीत बसून समजावून सांगा. त्यांना ते नको असेल तर ॲपपुरती परवानगी घ्या आणि नोंदीत तसंच लिहा. मग ती चित्रं मुक्त राहणार नाहीत, पण नोंद खरी राहील. मानधन किती, मुदत किती, प्रदेश कोणता, हे तिन्ही कागदावर आणा. नाही तर वर सांगितलेला पाच वर्षांचा आणि भारतापुरताचा नियम तुमच्या कागदाला थेट लागू होईल. श्रेयाच्या ओळीत मावशींचं नाव, पाडा आणि गाव त्या सांगतील तसंच लिहा, आणि ॲप पहिल्यांदा सुरू झालं की ती ओळ मोबाइलवर त्यांना दाखवून घ्या.